पानाची डावी बाजू

१९१६ सालचा एप्रिल महिना. मेसोपोटेमियात तैग्रिस नदीच्या वळणावर वसलेल्या कूत-अल-अमारा या गावात ब्रिटिश जनरल टाउनशेंडची फौज अडकून पडली होती. ही सहावी पुणे डिव्हिजन. तिच्यात १०३, ११० आणि ११७ क्रमांकाच्या मराठा पलटणी होत्या. दख्खन आणि कोकणातल्या गावांतून भरती झालेली माणसं होती. ७ डिसेंबर १९१५ पासून तुर्की सैन्याचा वेढा पडलेला, बाहेरून मदत पोचत नाही, आणि शिधा दर आठवड्याला कमी होत चाललेला. २९ एप्रिलला ही फौज शरण गेली.

त्या वेढ्याचा लष्करी इतिहास पुष्कळांनी लिहिला आहे. मला त्यातली एक वैद्यकीय नोंद फार महत्त्वाची वाटते. एकाच गावात, एकाच वेढ्यात सापडलेल्या सैनिकांना दोन वेगवेगळे आजार झाले. गोऱ्या शिपायांना बेरीबेरी झाला आणि हिंदी शिपायांना स्कर्व्ही. गोरे पांढऱ्या पिठाचा पाव आणि घोड्याचं मांस खात होते. मैद्यासारख्या पिठात ब-१ जीवनसत्त्व नव्हतं, पण ताज्या मांसात स्कर्व्ही टाळण्यापुरतं क जीवनसत्त्व होतं. हिंदी शिपायांच्या वाट्याला आटा आणि डाळ. आट्यातल्या कोंड्यामुळे त्यांना बेरीबेरी झाला नाही. पण घोड्याचं मांस धर्मामुळे बहुतेकांनी वेढा सरत येईपर्यंत नाकारलं, आणि ताजी भाजी तर कुणालाच नव्हती. हिरड्या सुजून रक्ताळल्या, पाय काळेनिळे पडले, जुन्या जखमा पुन्हा उघडल्या. पुढे पांढरं पीठ संपून गोऱ्यांनाही जाडंभरडं पीठ मिळू लागलं, तेव्हा त्यांचा बेरीबेरी ओसरला. हिंदी शिपायांचा स्कर्व्ही मात्र वाढतच गेला.

ही गोष्ट लंडनच्या लिस्टर इन्स्टिट्यूटमध्ये हॅरिएट चिक आणि मार्गारेट ह्यूम या दोन संशोधक स्त्रियांच्या हाती आली. मेसोपोटेमियातल्या सैन्याला दुरून काय पाठवता येईल, हा त्यांच्यापुढचा प्रश्न होता. ताजी फळं तिथवर टिकत नव्हती. बाटलीबंद लिंबाचा रस जात होता, पण तो कुचकामी ठरत होता, आणि त्याचं कारण त्यांच्या गटाने शोधून काढलं. अठराव्या शतकाअखेर ब्रिटिश आरमाराला स्कर्व्हीतून सोडवलं ते भूमध्य समुद्राकडच्या मोठ्या पिवळ्या लिंबाने. पुढे आरमाराने वेस्ट इंडीजचं लहान हिरवं लिंबू घेतलं. ते आपल्या कागदी लिंबाच्या जातीचं. त्याच्या रसात स्कर्व्हीविरोधी गुण पिवळ्या लिंबाच्या साधारण चौथाईच भरत होता, आणि साठवलेल्या रसात तर जवळजवळ काहीच उरत नव्हतं.

मग त्यांनी सुचवलं ते मोड आलेलं कडधान्य. १९१२ मध्येच नॉर्वेत फ्यूर्स्ट यांनी दाखवलं होतं की कोरड्या दाण्यात नसलेला स्कर्व्हीविरोधी गुण मोड येताच त्यात उत्पन्न होतो. चिक यांनी तेच प्रयोग पुढे नेले: दिवसभर भिजवा, पाणी काढा, दोन दिवस ओलसर ठेवा, आणि शिजवताना कमीत कमी शिजवा. अट एकच होती, दाणा अखंड हवा. भरडलेल्या डाळीला मोड येत नाहीत. १९१८ मध्ये विल्टशर या डॉक्टरने स्कर्व्ही झालेल्या सर्बियन सैनिकांवर मोड आलेला घेवडा आणि लिंबाचा रस यांची तुलना केली, आणि घेवडा कुठेही कमी पडला नाही. ज्या घरांत मटकी फडक्यात बांधून ठेवायची रीत पिढ्यान्‌पिढ्या चालत होती, त्याच घरांतले तरुण कूतमध्ये डाळ खाऊन स्कर्व्हीने लोळागोळा झाले होते. हे वाचताना आजही जीव कळवळतो.

स्कर्व्हीची बाकी कहाणी बहुतेकांनी कुठे ना कुठे वाचलेली असते. १७४७ मध्ये जेम्स लिंड यांनी ‘सॅलिसबरी’ जहाजावरच्या बारा खलाशांवर केलेला प्रयोग, १९०७ मध्ये हॉल्स्ट आणि फ्रोलिश यांना गिनीपिगमध्ये सापडलेला स्कर्व्ही, १९२८ मध्ये सेंट-ज्यॉर्जी यांनी वेगळं काढलेलं ‘हेक्झुरॉनिक’ आम्ल, १९३२ मध्ये तेच क जीवनसत्त्व असल्याची खात्री, आणि १९३७ चं नोबेल. रायखस्टाइन यांनी १९३३ मध्ये ते प्रयोगशाळेत बनवून दाखवलं, आणि वर्षभरात औषधाच्या दुकानात गोळी आली. शेफील्डमध्ये दुसऱ्या महायुद्धाच्या काळात हान्स क्रेब्ज यांच्या देखरेखीखाली स्वयंसेवकांवर दीर्घ प्रयोग झाला, आणि त्यातून निघालेला आकडा थक्क करणारा होता: दिवसाला अवघं १० मिलिग्रॅम क जीवनसत्त्व मिळालं तरी स्कर्व्ही होत नाही.

म्हणजे विषय संपला, असंच तेव्हा वाटलं असणार. रोग ठरला, उपाय ठरला, मात्रा ठरली. पण या दहा मिलिग्रॅममध्ये एक गृहीत धरलेली गोष्ट होती. क जीवनसत्त्व आतड्यातून रक्तात जातं, रक्तातून पेशींत, आणि त्याचं काम तिथे सुरू होतं, हे ते गृहीतक. आतड्यात ते नुसता वाटसरू. पुढच्या अर्ध्या शतकात हे चित्र बदललं, आणि या साऱ्या इतिहासातला तो भाग मला सर्वांत मोलाचा वाटतो. रक्तात शिरण्याआधीच, जेवणानंतरच्या त्या दोन-तीन तासांत, क जीवनसत्त्व शेजारच्या दुसऱ्या एका पोषकद्रव्यासाठी काम करत असतं. ते द्रव्य म्हणजे लोह.

लोहाकडे वळण्याआधी थोडं मागे. क जीवनसत्त्वाचा शोध लागत होता, त्या काळात इकडे आपल्या देशात वेगळीच कामं चालली होती. १९२८ मध्ये लूसी विल्स मुंबईत आल्या आणि गिरणी कामगार वस्तीतल्या गरोदर स्त्रियांच्या रक्तक्षयाचा अभ्यास करू लागल्या. त्यांना सापडलेला घटक पुढे फोलेट म्हणून ओळखला गेला. आज सरकारी दवाखान्यात मिळणाऱ्या लोह-फॉलिक आम्लाच्या गोळीतला फॉलिकचा अर्धा वाटा परळ-लालबागच्या बायकांच्या रक्ताच्या नमुन्यांशी जोडलेला आहे. तिकडे निलगिरीत कुन्नूरच्या प्रयोगशाळेत, जी पुढे हैदराबादला जाऊन राष्ट्रीय पोषण संस्था झाली, आपल्या अन्नपदार्थांचं मोजमाप सुरू होतं. १९३७ मध्ये एक्रॉइड यांची ‘हेल्थ बुलेटिन क्रमांक २३’ ही पुस्तिका निघाली. भारतीय जेवणात काय काय असतं, हे आकड्यांत मांडणारी ती पहिली मोठी यादी. कुन्नूरच्याच श्रीनिवासन यांनी १९४४ मध्ये आवळ्याच्या स्कर्व्हीविरोधी गुणाविषयी लिहिलं. युद्धकाळात आवळ्याच्या पुडीच्या गोळ्या हिंदी सैन्याच्या शिध्यात गेल्या. कूतला जे मिळालं नव्हतं, ते पंचवीस वर्षांनी मिळालं.

आवळ्याबद्दल एक खुलासा इथेच करतो. जुन्या कोष्टकांत शंभर ग्रॅम आवळ्यात ६०० मिलिग्रॅम क जीवनसत्त्व दिलेलं असे, आणि आपल्या मासिकांतून, आरोग्यसदरांतून तो आकडा अजूनही फिरतो. राष्ट्रीय पोषण संस्थेने २०१७ मध्ये नव्या पद्धतीने मोजून काढलेल्या कोष्टकात तो २५२ आहे. पेरूही त्याच्या आसपास, दोनशेच्या वर. आवळा लहान झाला असं कुणी समजू नये. मोजण्याची रीत सुधारली.

आता लोहाकडे वळू. १९३७ मध्ये मॅकॅन्स आणि विडोसन या जोडीने एक मूलभूत गोष्ट सांगितली. शरीराला नको असलेलं लोह बाहेर टाकण्याचा मार्गच नाही. मीठ जास्त झालं तर लघवीतून जातं, लोहाची तशी सोय नाही. शरीरात तीन-चार ग्रॅम लोह असतं, रोज साधारण एक मिलिग्रॅम पेशींच्या झडीतून जातं, पाळी येणाऱ्या स्त्रीचं त्याहून अधिक. त्यामुळे सगळा हिशेब आत येण्याच्या जागी, म्हणजे आतड्यात होतो. किती लोह खाल्लं यापेक्षा किती आत घेतलं गेलं, यावर सगळं अवलंबून.

हे मोजायचं कसं? दुसऱ्या महायुद्धानंतर किरणोत्सर्गी लोह संशोधकांना सहज मिळू लागलं आणि मार्ग मोकळा झाला. सेंट लुइसचे कार्ल मूर आणि त्यांच्या सहकारी डुबाक यांनी १९५१ मध्ये खुणेचं लोह असलेलं अन्न माणसांना खाऊ घालून मोजमाप केलं. क जीवनसत्त्व सोबत असलं की लोह अधिक शोषलं जातं, हे त्यांना दिसलं. व्हेनेझुएलात लायरीस आणि मार्टिनेझ-टोरेस यांनी तर मका, तांदूळ, घेवडा ही पिकंच किरणोत्सर्गी लोह देऊन वाढवली आणि मग शिजवून लोकांना खायला दिली. धान्य-कडधान्यांतल्या लोहापैकी जेमतेम काही टक्के शरीरात शिरत होते. मांसातल्या लोहाचं प्रमाण त्याच्या कितीतरी पट. १९७२ मध्ये अमेरिकेत कुक आणि स्वीडनमध्ये हालबर्ग यांच्या गटांनी सोपी युक्ती काढली. पीक वाढवायची गरज नाही, तयार ताटातच चिमूटभर खुणेचं लोह मिसळलं तरी चालतं, कारण पोटात गेल्यावर सगळ्या वनस्पतिजन्य लोहाचा एकच साठा होतो. त्यानंतर जगभरातली ताटं मोजली जाऊ लागली.

त्या एकाच साठ्याच्या निष्कर्षात आपल्या जेवणाचं सगळं गुपित आहे. जठरातल्या आम्लात धान्यातलं लोह विरघळतं. पण अन्न पुढे लहान आतड्याच्या सुरुवातीच्या भागात सरकलं की तिथे आम्लता उतरते. नेमक्या याच जागी लोह शोषलं जायला हवं, आणि नेमकं इथेच ते अडतं. धान्य-कडधान्यांच्या कोंड्यातलं फायटेट त्याला घट्ट धरतं, चहातलं टॅनिन त्याला धरतं, आणि कुणीच धरलं नाही तरी त्रिसंयुजी रूपातलं लोह न विरघळणारा गाळ होऊन पुढे निघून जातं. क जीवनसत्त्व जवळ असेल तर ते दोन कामं करतं. लोहाला एक इलेक्ट्रॉन देऊन द्विसंयुजी करतं, आणि जठरातच त्याच्याशी सैल जोडी बांधून त्याला विरघळलेलं ठेवतं. फायटेटच्या हाती लागण्याआधीच. मात्र हे सगळं घडायला दोघं एकाच वेळी तिथे हवीत. १९७७ मध्ये कुक आणि मॉन्सेन यांनी हे फार नेटकेपणाने दाखवलं. जेवणात २५ ते १००० मिलिग्रॅम क जीवनसत्त्व घातलं तसं शोषण दीडपटीहून थोड्या अधिकापासून साडेनऊ पटींपर्यंत चढत गेलं. पण तेच जीवनसत्त्व जेवणाच्या चार किंवा आठ तास आधी दिलं तेव्हा परिणाम बराच फिका पडला. सकाळी घेतलेली गोळी दुपारच्या भाकरीला फारशी उपयोगी पडत नाही.

या काळातलाच आणखी एक प्रयोग मी आवर्जून सांगतो, कारण त्यातल्या स्त्रिया आपल्याच वंशाच्या होत्या. दक्षिण आफ्रिकेत डर्बनजवळ राहणाऱ्या भारतीय स्त्रियांमध्ये लोहाची कमतरता फार. डिस्लर, बॉथवेल आणि सहकाऱ्यांनी त्यांच्यावर केलेला अभ्यास १९७५ मध्ये प्रसिद्ध झाला. पाव असो की भात, जेवणाबरोबर चहा प्यायला की लोहाचं शोषण तिसऱ्या-चौथ्या हिश्शावर येत होतं. जेवून उठल्याबरोबर कपभर चहा घेणाऱ्या आपल्या घरांतल्या बायकांनाही ते तितकंच लागू आहे. चहा सोडा असं कुणी म्हणत नाही. तो जेवणापासून तास-दीड तास दूर सरकवला तरी पुरे.

आपल्याकडे हैदराबादला नरसिंग राव आणि सहकाऱ्यांनी गहू, ज्वारी, नाचणी, तांदूळ अशा वेगवेगळ्या धान्यांवर आधारलेली ताटं १९८० च्या सुमारास याच पद्धतीने मोजली. भाताच्या ताटातून शोषण बरं, गहू-नाचणी-ज्वारीच्या ताटातून फारच थोडं, असं दिसलं. ज्वारी-बाजरीची भाकरी खाणाऱ्या महाराष्ट्राला हा निष्कर्ष नीट समजून घ्यायला हवा. भाकरीत लोह आहे, आणि त्याला अडवणारंही तिच्यातच आहे. बडोद्याला सुभद्रा शेषाद्री यांनी १९८५ मध्ये प्रसिद्ध केलेला अभ्यास या अडचणीवरच्या उपायाचा. रक्तक्षय असलेल्या, शाकाहारी जेवण जेवणाऱ्या लहान मुलांना दोन्ही वेळच्या जेवणासोबत १०० मिलिग्रॅम क जीवनसत्त्व साठ दिवस दिलं, आणि वेगळं लोह न देता त्यांचं हिमोग्लोबिन वाढलं. ताटात लोह आधीपासून होतंच, ते फक्त वाट चुकत होतं. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेने आपल्या पालेभाज्यांवर बरंच काम केलं. २००६ च्या त्यांच्या अभ्यासात रोजच्या जेवणाला पालेभाज्यांची जोड दिल्यावर तरुण मुलामुलींच्या रक्तातलं क जीवनसत्त्व आणि हिमोग्लोबिन दोन्ही सुधारलं. म्हैसूरच्या केंद्रीय अन्न तंत्रज्ञान संशोधन संस्थेत कांदा आणि लसूण यांच्यामुळेही धान्यातलं लोह मोकळं होण्यास मदत होते असं आढळलं. ते काम प्रयोगशाळेतल्या नळ्यांमधलं आहे, माणसांवरचं नाही. पण भाकरीबरोबर बुक्कीने फोडलेला कांदा खाणाऱ्यांना ते वाचून बरं वाटावं.

मधल्या काळात क जीवनसत्त्वाला फार मोठी प्रसिद्धी मिळाली ती वेगळ्याच कारणाने. लायनस पॉलिंग यांनी १९७० मध्ये सर्दीवर ग्रॅमच्या हिशेबाने ते घ्या असं सांगितलं, आणि जगभर लोक घेऊ लागले. त्या वादात मी शिरत नाही. आतड्याच्या बाजूने त्याचं उत्तर १९९६ मध्ये मार्क लेव्हिन यांनी दिलं. सात निरोगी तरुणांना वेगवेगळ्या मात्रा देऊन त्यांनी मोजलं: एका वेळी २०० मिलिग्रॅमपर्यंत घेतलेलं जवळजवळ सगळं शोषलं जातं, १२५० मिलिग्रॅम घेतलं तर निम्म्याहूनही कमी. बाकीचं पुढे जातं आणि पोट बिघडवतं. आतड्यात या जीवनसत्त्वाला आत घेणारं वाहक प्रथिन १९९९ मध्ये सापडलं, आणि त्याची क्षमता मर्यादित आहे हे त्यावरून कळलं.

लोहाची दारं त्याच पाच-सहा वर्षांत एकामागून एक उघडली. १९९७ मध्ये आतड्याच्या पेशीत लोह आत घेणारं प्रथिन, डीएमटी-१, सापडलं. ते फक्त द्विसंयुजी लोह घेतं. २००० मध्ये फेरोपोर्टिन, पेशीतून रक्तात लोह सोडणारं. २००१ मध्ये लंडनच्या मॅकी यांच्या गटाने आतड्याच्या पेशीच्या टोकावरच बसलेलं, त्रिसंयुजी लोहाला द्विसंयुजी करणारं एक प्रथिन दाखवलं, आणि ते प्रथिन आपले इलेक्ट्रॉन घेतं ते पेशीच्या आतल्या क जीवनसत्त्वाकडून. म्हणजे ताटातलं क जीवनसत्त्व बाहेरून काम करतं आणि पेशीत साठलेलं आतून. त्याच सुमारास हेप्सिडिनही सापडलं. शरीरात लोह पुरेसं असलं, किंवा कुठे जंतुसंसर्ग चालू असला, की यकृत हे संप्रेरक सोडतं आणि फेरोपोर्टिनचं दार लागतं. आतड्याच्या पेशीत अडकलेलं लोह मग त्या पेशीबरोबरच काही दिवसांत झडून जातं. मॅकॅन्स-विडोसन यांनी १९३७ मध्ये जे ओळखलं होतं, त्याची यंत्रणा दिसायला साठ वर्षं जावी लागली.

इथवरचा प्रवास वाचला की वाटतं, मग प्रत्येक जेवणात लिंबू पिळलं की रक्तक्षय गेलाच. तसं झालेलं नाही, आणि ते मोकळेपणाने सांगायला हवं. कुक यांनीच १९८४ मध्ये लोकांना जेवणाबरोबर रोज दोन ग्रॅम क जीवनसत्त्व सोळा आठवडे दिलं. त्यांचे लोहाचे साठे वाढले नाहीत. २००१ मध्ये त्यांनी एकट्या जेवणाऐवजी दिवसभराचा पूर्ण, मिश्र आहार मोजला, तेव्हा क जीवनसत्त्वाचा परिणाम एका जेवणात दिसला होता त्याच्या मानाने फारच थोडा निघाला. मेक्सिकोच्या खेड्यांत लोहाची कमतरता असलेल्या स्त्रियांना आठ महिने, आठवड्यातले सहा दिवस, दोन जेवणांसोबत २५-२५ मिलिग्रॅम क जीवनसत्त्व असलेलं लिंबूसरबत दिलं गेलं. २००३ मध्ये निष्कर्ष आला: लोहाच्या स्थितीत सुधारणा नाही.

या निराशेचं कारण माझ्या मते हेप्सिडिनमध्ये आणि ताटाच्या घडणीत आहे. पाश्चात्त्य मिश्र आहारात मांस असतं, लोहाचे साठे बरे असतात; तिथे दार आधीच निम्मं लागलेलं, क जीवनसत्त्वाने आणखी काय करायचं? जिथे साठे रिकामे आहेत आणि ताट धान्याचं आहे, तिथे त्याची मात्रा महत्त्वाची ठरते. बडोद्याच्या मुलांना दिवसाला २०० मिलिग्रॅम मिळत होतं, मेक्सिकोच्या स्त्रियांना ५०. हा फरक किरकोळ नव्हे.

आणि हाच फरक आपल्या पानात पाहिला पाहिजे. पानाच्या डाव्या बाजूला मीठ, लिंबाची फोड, चटणी, कोशिंबीर, लोणचं वाढायची आपली पद्धत. लोहाच्या शोषणासाठी ती कुणी योजली, असं मी म्हणणार नाही. ती चवीसाठी आहे, मांडणीसाठी आहे. तरी त्या बाजूच्या पदार्थांत खरंच काम करणारे आहेत. फक्त ते समजले जातात ते नव्हेत. कागदी लिंबाच्या एका फोडीतून येणारा रस जेमतेम चमचा-दीड चमचा, आणि त्यातलं क जीवनसत्त्व पाच मिलिग्रॅमच्या आसपास. त्यातलं सायट्रिक आम्ल थोडी मदत करतं, पण वरणभातावरच्या फोडीवर भिस्त ठेवता येणार नाही. लोणच्यात आणि पाकात शिजवून मुरवलेल्या मोरावळ्यात, उष्णता आणि महिने यांच्या माऱ्यातून जे उरतं तेवढंच. कच्च्या कोबीची पचडी, हिरव्या मिरचीचा ठेचा, भरपूर कोथिंबिरीची चटणी, किसलेला कच्चा आवळा, कैरीची कोशिंबीर, कमी शिजवलेली मोड आलेल्या मटकीची उसळ, यांचा वाटा त्याहून मोठा आहे. मोडांचं तर दुहेरी काम: त्यांच्यात क जीवनसत्त्व तयार होतं आणि त्याच वेळी फायटेट घटतं. भाजी चिरून मग धुतली, पाणी फेकलं, आणि झाकण न ठेवता तासभर शिजवली, तर हिरव्या पानातलं क जीवनसत्त्व ताटापर्यंत फारसं येत नाही.

दुसरी गोष्ट अधिक दुखरी. हंगामात मजुरीवर असलेल्या, दोन वेळची भाकरी आणि आमटी मिळवण्यात दिवस घालवणाऱ्या घरांत पानाला डावी बाजू नसते. आणि ज्या घरांत ती असते, तिथेही सगळ्यांचं उरकल्यावर जेवायला बसणाऱ्या बाईपर्यंत कोशिंबीर बहुधा संपलेली असते. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातल्या १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के स्त्रियांमध्ये रक्तक्षय आढळला, महाराष्ट्रात ५४.२ टक्के; दोन्ही आकडे त्याआधीच्या पाहणीपेक्षा वाढलेले. रक्तक्षयाला लोहाच्या कमतरतेखेरीज जंत, मलेरिया, ब-१२ ची उणीव, सिकलसेल अशी इतर कारणंही असतात. थॅलेसेमियासारख्या आजारात, जिथे शरीरात लोह आधीच साठून राहतं, तिथे क जीवनसत्त्वाची भर डॉक्टरांना विचारल्याशिवाय घालूही नये. तरी लोहाचा वाटा मोठाच आहे. २०२० मध्ये भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद आणि राष्ट्रीय पोषण संस्था यांनी स्त्रियांसाठी लोहाची शिफारस २१ वरून २९ मिलिग्रॅमवर नेली, आणि त्याच वेळी क जीवनसत्त्वाची ४० वरून ६५ वर. लोहाच्या या आकड्यामागे ताटातल्या लोहापैकी आठ टक्केच शोषलं जातं हे गृहीत आहे. ते आठ टक्के वाढवता आले, तर रोज २९ मिलिग्रॅम गाठण्याची धडपड तेवढी सैल होईल.

२०१३ मध्ये हैदराबादहून माधवन नायर यांच्या गटाचा अभ्यास आला. किशोरवयीन मुलामुलींना भाताच्या जेवणासोबत शंभर ग्रॅम पेरू दिला. लोहाचं शोषण लक्षणीय वाढलं; जस्तावर परिणाम झाला नाही. प्रयोगशाळेतली गोळी नव्हे, बाजारातला पेरू. २०२० मध्ये शांघायहून आणखी एक अभ्यास प्रसिद्ध झाला. लोहाच्या कमतरतेमुळे रक्तक्षय झालेल्या ४४० रुग्णांना लोहाच्या गोळ्या दिल्या, निम्म्यांना सोबत क जीवनसत्त्व, निम्म्यांना नुसत्याच; दोन आठवड्यांनी हिमोग्लोबिनमधली वाढ दोन्हीकडे सारखीच होती. हे अपेक्षितच म्हणायला हवं. गोळीतलं लोह आधीपासूनच द्विसंयुजी असतं आणि मात्राही भरपूर असते, त्याला क जीवनसत्त्वाच्या मदतीची गरज नसते. गरज असते ती धान्यातल्या लोहाला.

हे दोन अभ्यास शेजारी ठेवून वाचले, तर शाळेच्या आणि अंगणवाडीच्या आहारासाठी एक सरळ गोष्ट हाती येते. लोहाच्या गोळीबरोबर लिंबूपाणी पाजण्याचा आग्रह आपण फार धरतो. तो सोडला तरी चालेल. पेरू थंडीत स्वस्त असतो, आवळाही त्याच महिन्यांत येतो. लिंबूपाण्याचा खर्च आणि मेहनत खिचडीच्या ताटात घालावी: खिचडी वाढली जाते त्याच वेळी, त्याच ताटात, अर्धा पेरू. मधल्या सुट्टीतला खाऊ म्हणून दोन तास आधी दिला, तर कुक आणि मॉन्सेन यांच्या प्रयोगावरून वाटतं की त्यातलं बरंचसं वाया जाईल.